उस्मानचाचांचा गुग्गुळ

औषधाचं दुकान टाकून औषध न विकणारा माणूस अख्ख्या जामनेरात एकच होता, उस्मानचाचा अत्तार. काही मागितलं की ते आधी बरणीच्या झाकणावर हात ठेवत आणि विचारत, "कोनी सांगितलं?" वैद्याचं नाव घ्यावं तर वैद्यावर संशय, सासूचं घ्यावं तर सासूवर. साधा हिरडा मागणाऱ्यालाही ते जीभ दाखवायला लावत. "मागायला येतो तो बीमार नसतो," असं त्यांचं ठाम मत होतं, "पाठवतो तो बीमार."

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. माझं लग्न धुळ्याला, देवपुरात ठरलं होतं. मुलगी पसंत आहे, पण अंगानं जरा उतरली पाहिजे, असा तिकडून निरोप आला. गुग्गुळानं मेद झडतो, असं कुणीतरी आईच्या कानावर घातलं. तिनं मलाच आणायला पाठवलं. विचारलं तर म्हशीसाठी म्हणून सांग, असं बजावून.

चाचांनी विचारलंच. म्हैस कितव्या वेताची, दूध किती, खाते काय. मी भराभर सांगत गेले. सगळं ऐकून ते म्हणाले, म्हैस बारीक करू पाहणारा शेतकरी मी अजून बघितला नाही. मग दुकानाला कुलूप लावून माझ्या मागोमाग आमच्या घरी आले.

ओसरीवर त्यांनी माझ्या वडिलांची, आबांची, उलटतपासणी सुरू केली. आबा घामाघूम झाले. शेवटी आई दारात येऊन म्हणाली, "भाऊ, झाडाचा डिंकच शे ना तो? इख-जहर थोडंच शे?"

चाचा खाली बघत म्हणाले, "माझ्या लेकीला, जुबेदाला, मीच तोलून दिला होता, अक्का. निकाहच्या आधी. वरून रोज सांगायचो, कमी खा. महिनाभर अंथरुणावर होती. बरी झाली. पन आजबी माहेरी आली तर माझ्यासमोर जेवत नाही."

आबांनी दुसऱ्या दिवशी देवपूरला कळवलं, मुलगी आहे ती अशीच आहे. ते स्थळ मोडलं. पुढे दोन वर्षांनी पहूरला माझं लग्न झालं, आहे तशीच गेले.

पण त्या दुपारी आईनं मला तिथंच ओसरीवर ताट वाढलं. चाचांनी स्वतःला नको म्हणून सांगितलं, पण उठले नाहीत. मी कळण्याची भाकरी मोडली. ते भिंतीकडे बघत बसून राहिले. मी दुसरी भाकरी मागितली, तेव्हा उठून त्यांनी चपला घातल्या.