कासव जलद आहे

बालपुस्तक मान्यता समितीकडे एक चित्रपुस्तक मंजुरीसाठी आलं. सोळा पानं, जाड पुठ्ठा, कोपरे गोल कापलेले. विषय प्राणी आणि विरुद्धार्थी शब्द. एका पानावर ‘हत्ती मोठा’, समोर ‘उंदीर लहान’. पान उलटलं की ‘चित्ता जलद’, ‘कासव हळू’. चित्रकार बाईंनी ते आपल्या चार वर्षांच्या बिट्टीसाठी काढलं होतं आणि बिट्टीला ते तोंडपाठ होतं. शाळाप्रवेशाच्या मुलाखतीत मान्यताप्राप्त पुस्तकांतलेच प्रश्न विचारायचे, असा नियम होता. आईच्याच पुस्तकात लेक नापास होणं शक्य नाही, असं बाईंना वाटलं. बाई भोळ्या होत्या.

समितीच्या अध्यक्षांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. त्यांच्या कारकिर्दीतली ही पहिलीच वेळ. मग त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. पुस्तक ‘माहितीपर’ या वर्गात दाखल झालं होतं, आणि माहितीपर म्हटलं की प्रत्येक विधानाला पुरावा लागतो. गोष्टीच्या पुस्तकात कासवाने विमान चालवलं तरी समितीची हरकत नसते.

“कासव हळू, हे कशाच्या मानाने?” अध्यक्षांनी विचारलं.

“कशाच्याही मानाने,” बाई म्हणाल्या.

“‘कशाच्याही’ला आमच्याकडे रकाना नाही.”

तेव्हा प्रत्यक्ष तुलना करायचं ठरलं. प्राणिसंग्रहालयातून एक कासव बादलीत घालून, रखवालदारासह, रीतसर पोचपावती देऊन मागवण्यात आलं. आता त्याच्या जोडीला सोडायचं काय? कार्यालयात हलणारी वस्तू एकच होती, ती म्हणजे फाइल. बाईंचीच फाइल घेतली. सोमवारी सकाळी अकरा वाजता दोघांनाही आवक लिपिकाच्या टेबलापासून अध्यक्षांच्या दालनाकडे रवाना करण्यात आलं. अंतर चाळीस पावलं. कासव वाटेत दोनदा थांबलं, एकदा पाणी प्यायलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी दालनाच्या उंबऱ्याशी हजर झालं. फाइल अकरा दिवसांनी पोचली. तिच्यावर शेरा होता, ‘कासवाचा अहवाल जोडून पुन्हा सादर करावी.’ पुराव्यापुढे कुणाचं काय चालणार? कासव जलद ठरलं.

चित्त्यासाठी समिती स्वतः प्राणिसंग्रहालयात गेली. पाच सदस्य, दोन छत्र्या, एक घड्याळ. तासभर सगळे पिंजऱ्यासमोर उभे राहिले. चित्ता झोपला होता, त्याने एक कान तेवढा हलवला. कानाची नोंद घेऊन, चित्ता हळू असल्याचं एकमताने ठरलं. हत्ती-उंदराचं प्रकरण तर बसल्या जागी मिटलं. जुन्या कागदपत्रांच्या खोलीत उंदरांनी सात कपाटं कुरतडून त्यांचा भुगा केला होता. हत्तीने या कार्यालयाचं आजतागायत कसलंही नुकसान केलेलं नव्हतं. सबब उंदीर मोठा, हत्ती लहान.

बाईंनी कपाळाला हात लावला आणि माझं पुस्तक मला परत द्या म्हणाल्या. पण तोवर ते छापून शाळाशाळांत पोचलंही होतं. अध्यक्षांनी अगदी घरच्यासारखं समजावलं.

“बाई, तुमच्या चित्रांना आम्ही बोटही लावलेलं नाही. शब्द तेवढे बदललेत. आणि त्या वयाच्या पोरांना वाचता कुठे येतं?”

बिट्टीच्या मुलाखतीत शिक्षिकेने कासवाच्या चित्रावर बोट ठेवलं. बिट्टी ठणकावून म्हणाली, हळू. शिक्षिकेने पुस्तकावरचं चित्रकाराचं नाव वाचलं, आईकडे पाहिलं, घरी अभ्यास घेत नाही वाटतं म्हणाली, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. ही शेवटची संधी.

त्या पंधरा दिवसांत घरात नुसता धुमाकूळ होता. बाबा पाठीवर उशी बांधून घरभर रांगत सुसाट सुटायचे, आई चित्ता होऊन सोफ्यावर घोरत पडायची. बिट्टीची हसून हसून मुरकुंडी वळायची, आणि विचारलं की उत्तर ‘हळू’च. शेवटी आईने तिला जवळ घेतलं. आपण काय करतोय ते तिला पुरतं कळत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती.

“तिथे विचारलं की जलद म्हणायचं.”

“पण ते हळू असतं. तूच सांगितलंस.”

“हो, असतं हळूच. म्हणायचं जलद.”

दुसऱ्या खेपेला बिट्टीने सगळी उत्तरं घडाघडा दिली. शिक्षिका खूश झाली आणि त्या भरात तिने पुस्तकात नसलेलंच एक चित्र पुढे केलं. गोगलगाय होती. ही कशी चालते, सांग बरं. आदल्याच दिवशी बिट्टीने कुंडीपाशी उकिडवं बसून एका गोगलगायीमागे अख्खी सकाळ घालवली होती. तिने चित्र नीट पाहिलं, मग मान वळवून विचारलं, “आई, हिचं काय म्हणायचं?”

बाईंनी लेकीला जवळ ओढून घेतलं. शिक्षिकेने मात्र ‘मूल समंजस आहे’ असं लिहून प्रवेश देऊन टाकला.

मागच्या खुर्च्यांवर आपापली पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या पालकांत तुम्हीही होतात. आता हसताय कशाला? तुम्हीच तर लगबगीने पेन काढून वहीत ‘गोगलगाय’ लिहिलंत, आणि शेजारच्या गृहस्थांच्या कानाशी लागून विचारलंत, पुढे काय लिहू?