अकरा हजार पावलांचं जेवण

कोणतीही गोष्ट नोंदवहीत चढल्याशिवाय घडलेली नसते, हे ज्यांना पटलं त्यांच्याच आधारावर हा देश उभा आहे. जन्माला यायला आईबाप पुरतात. आपण जन्मलो हे पटवायला दाखला लागतो. मग भुकेनेच असं काय पुण्य केलंय, की तिने बिनदाखल्याचं हिंडावं?

आप्पा बेहेरे हे अशा आधारांपैकी एक. सरकारी नोकरीत चौतीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या टेबलावर एकही कागद प्रलंबित नव्हता. (सगळे शेजारच्या टेबलावर होते.) वय एकाहत्तर, वजन शहाऐंशी, गुडघे दोन, पैकी चालू शून्य. घर रत्नागिरीच्या चढावर. तिथून मासळीबाजाराकडे उतरायला जांभ्या दगडाची पाखाडी, पायऱ्या एकशे अडतीस. दोन वर्षांत आप्पा ती उतरले नव्हते. मासे कामवाली मैना आणायची, आणि दुसऱ्याने निवडलेला सरंगा खाणं म्हणजे स्वतःच्या लग्नाला प्रतिनिधी पाठवणं. मासेवाल्या कनीजच्या टोपलीपुढे उभं राहावं, कल्ला उचलून बघावा, नाक मुरडावं, पुढे निघून जावं आणि परत येऊन तोच घ्यावा, या सुखासाठी त्यांना नवे गुडघे हवे होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आठ किलो उतरवा. चार महिन्यांनी या. मग गुडघे बदलू."

पुण्याहून मुलगा अनिश आला आणि आप्पांच्या फोनवर त्याने एक अ‍ॅप बसवलं. खाल्लेला प्रत्येक घास त्यात नोंदवायचा. दिवसाला पंधराशे कॅलरी मंजूर. 'मंजूर' हा शब्द ऐकताच आप्पांचे डोळे पाणावले. निवृत्तीनंतर त्यांना कोणी काही मंजूर केलं नव्हतं.

अ‍ॅपचं ज्ञान तसं बेताचं. कुळथाचं पिठलं त्याला ठाऊक नव्हतं. घावन म्हटलं की ते बिचकायचं. सोलकढीला त्याने 'गुलाबी पेय' समजून शून्य कॅलरी लावल्या. त्या दिवसापासून बेहेऱ्यांकडे नारळ तिप्पट फुटू लागले. पण हे सगळं तपशिलाचं झालं. अ‍ॅपची खरी थोरवी रोज संध्याकाळी आठ वाजता, शिल्लक बघताना कळे. एकदा एकशे ऐंशी उरल्या. आप्पा उठले आणि दोन नारळाच्या वड्या घेऊन बसले.

"अहो, आत्ताच तर पोट भरलं म्हणालात," सुनेत्राबाई म्हणाल्या.

"पोट भरलंय गो. अनुदान शिल्लक आहे."

"मग राहू दे की!"

"राहू दे? आज खर्ची टाकलं नाही तर उद्या वरून कपात होते. चौतीस मार्च काढलेत मी, मला शिकवतेस?"

पहिल्या महिन्याचा गोषवारा: नोंदी शंभर टक्के, वजन अधिक एक.

दुसऱ्या महिन्यात ठाण्याहून मुलगी सावनी आली. ती विरुद्ध पक्षाची. तिने फोनवर सहा दिवसांचा अभ्यासक्रम करून भुकेत प्रमाणपत्र मिळवलं होतं. मोजायचं नाही, म्हणाली, ऐकायचं. शरीर बोलतं. जेवणाआधी डोळे मिटून पोटाला विचारायचं, एक ते दहामध्ये भूक किती?

मैना तेव्हा लादी पुसत होती. तिने फडकं पिळलं.

"सावनीताय, भूक लागली काय ती इचारावी लागते?"

"मनातल्या मनात, मैना. आपण शरीराचं ऐकतच नाही ना कधी."

"आनि लागली म्हनलं, तर?"

"तर खायचं."

"काय?"

या प्रश्नावर अभ्यासक्रमात धडा नव्हता. सावनीने पोळ्यांच्या डब्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं, आणि मैनाने पुढची खोली पुसायला घेतली.

आप्पांना ऐकण्याची पद्धतही पसंत पडली. ऐकायचं म्हणजे सुनावणी घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. त्यांनी तारखा लावल्या: सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा, चार आणि आठ. अर्जदार पोट, हरकतदार गुडघे. पोट सहसा गैरहजर असे, त्याच्या वतीने जीभ हजर होई. चारच्या सुनावणीला स्वयंपाकघरातून तळणीचा वास येत असल्यास तो पुरावा म्हणून दाखल करून घेतला जाई. महिनाभरात सुनावण्या एकशे वीस, निकाल खाण्याच्या बाजूने एकशे वीस. गुडघ्यांना अपिलाची मुभा होती. (त्यासाठी एकशे अडतीस पायऱ्या उतरून जावं लागलं असतं.)

मोजणं श्रेष्ठ की ऐकणं, यावरून भावाबहिणीत अबोला झाला. आप्पांनी मध्यममार्ग काढला. ऐकून जे मिळेल ते खायचं. मोजून जे उरेल तेही खायचं.

वजन अठ्ठ्याऐंशी झालं, तेव्हा मात्र आप्पा हादरले. नवे गुडघे हातचे जातात की काय, या विचाराने त्यांनी त्या दिवशी आठची सुनावणी तहकूब केली. (नऊला घेतली.) आणि दुसऱ्याच दिवशी नशिबाने हात दिला. त्यांचा फोन चुकून मासळीच्या पिशवीत गेला. मैना तो घेऊन पाखाडी उतरली, बाजार करून चढली, तशीच पाखाडीच्या वरखालच्या आणखी तीन घरची धुणीभांडी करून आली. संध्याकाळी फोन उघडतो तर त्यावर फटाके! 'शाब्बास! आज तुम्ही अकरा हजार पावलं चाललात. चारशे दहा कॅलरी जादा मंजूर.' आप्पा सकाळपासून झोपाळ्यावर होते.

आप्पा सचोटीचे. त्यांनी अ‍ॅपची नियमावली अथपासून इतिपर्यंत वाचली. पावलं कोणाची असावीत, याबद्दल तीत चकार शब्द नव्हता. ज्याला मनाई नाही ते वैध.

तेव्हापासून फोन रोज मैनाच्या कमरेला. खाण्याची टिपणं कागदावर, संध्याकाळी फोन परत आला की चढवायची. मधे अनिशचा फोन आला तर मैना सांगायची, "आप्पा नायत. चालाया गेल्यात." ती दिवसभर चाले, आप्पा संध्याकाळी तिचं चालणं खात. कधी मोदक, कधी चकल्या. इतकं निर्दोष सहकार्य सहकारी बँकेतही आढळत नाही.

मैनालाही या योजनेचा लाभ झाला. घरात साखर बंद करण्यात आली होती, त्यामुळे तिचा अकरा वाजताचा अर्धा कप चहा बिनसाखरेचा झाला. (आप्पांच्या चहाला अपवाद, तो गोळीबरोबर घ्यायचा असे.) संपूर्ण घरात आहारनियम काटेकोर पाळणारी ती एकटीच.

"आप्पा, ह्या तुमचा फोन कमरेला टोचता," ती एकदा म्हणाली.

"टोचणारच. आरोग्याची गोष्ट आहे."

चार महिने भरले. आप्पा रिक्षाने दवाखान्यात गेले. चढताउतरताना धरायला मैना बरोबर. काटा नव्वदवर थांबला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"वजनावर जाऊ नका," आप्पांनी फोन पुढे केला. "नोंदी बघा. एक दिवस खंड नाही."

बाईंनी बराच वेळ पाहिलं. "रोज अकरा हजार पावलं? आणि या पायऱ्या?"

"पाखाडी आहे. एकशे अडतीस."

"दिवसातून तीनदा? चढ-उतार?"

"नोंद आहे ना तशी," आप्पा म्हणाले, जरा अभिमानानेच.

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. "आप्पा, वजन वाढतंय ते आपण रक्त तपासून बघू. पण या वयात असे गुडघे मी पाहिले नाहीत. हे कापायला माझा हात धजणार नाही." आणि त्यांनी कागदावर लिहिलं: गुडघे उत्तम. शस्त्रक्रियेची आवश्यकता नाही.

एकच वाक्य बोलायचं होतं. नोंद खोटी आहे. आप्पांच्या डोळ्यांपुढे कनीजची टोपली आली, तिच्यातला चकचकीत सरंगा आला. त्यांनी तोंड उघडलंही. पण चौतीस वर्षांत त्यांनी माणसं खोटी ठरवली होती, नोंद कधी नाही. तोंड मिटलं. कागद घेऊन त्यांनी, कोणी मागितलेली नसताना, पोच म्हणून सही केली.

बाहेर मैना पायरीवर बसून गुडघा चोळत होती.

"काय म्हनली डाक्टरीन?"

"गुडघे उत्तम आहेत म्हणाली."

मैना भिंतीला धरून उठली. "बरा झाला. रातचे लय ठनकतात, म्हनून मना वाटत व्हता काय झालं नि काय नाय. मग तो कागद मना द्या."

कागद आप्पांच्या नावे असल्यामुळे तो हस्तांतरित करता आला नाही. आप्पा आता कायमचे झोपाळ्यावर आहेत. पावलं चालू आहेत.

आपण अर्थातच आप्पांना हसलात. हसताना पोट हललं असेल, त्याच्या चार कॅलरी वळत्या करून घ्या. आता शेजारच्या चहाच्या कपाकडे बघा. मोजू नका, पोटालाही विचारू नका. तो कप रोज विसळते तिचे गुडघे कसे आहेत, आणि ती आज किती वाजता जेवली, एवढंच आठवून बघा. नाही आठवलं, तर त्या रकान्यात 'निरंक' लिहा.