वरच्या मजल्यावरचं गिऱ्हाईक

आपल्याला कोणी फसवू शकत नाही, अशी त्या गृहस्थांची पक्की खात्री होती. (फसणाऱ्या माणसांची ती नेहमीच असते.) एका कचेरीच्या खरेदी विभागात ते हेडक्लार्क होते. कचेरीतले सगळे पंखे त्यांनी घासाघीस करून घेतले होते. पंखे फिरत नसत ही गोष्ट वेगळी, पण भाव असा पाडला होता की विकणारा पुन्हा त्या रस्त्याला फिरकला नाही.

एके दिवशी त्यांच्या जुन्या गाडीचं दार उघडता उघडता बायकोच्या हातातच आलं. तिने ते उचलून घरात आणलं, सोफ्याला टेकवलं आणि म्हणाली, "नवीन गाडी बघू या."

"बघू या काय? बघायची नसतेच मुळी," हेडक्लार्क म्हणाले. "गाडीकडे बघितलंस की मेलीस. सेल्समन डोळ्यांवरून भाव ठरवतो."

मग आठवडाभर तालीम झाली. शोरूममध्ये बायकोने तोंड उघडायचं नाही. चेहरा, कुणीतरी शिळं वर्तमानपत्र वाचायला दिल्यासारखा. आणि हेडक्लार्क खोकले की लगेच उठून चालतं व्हायचं, थेट समोरच्या बसस्टॉपपर्यंत, मागे न बघता. गिऱ्हाईक उठलं की भाव खाली येतो.

"आणि तुम्हाला खरंच खोकला आला तर?" बायकोने विचारलं.

"मी उगाच खोकणारा माणूस वाटतो का तुला?"

शनिवारी ते विटका शर्ट घालून निघाले. पाकीट आणि फोन दोन्ही बायकोच्या पर्समध्ये टाकले. फोन जरा बरा होता. तो दिसला तर माणूस पैसेवाला वाटेल, ही धास्ती.

शोरूममध्ये निळी गाडी उभी होती. हेडक्लार्कांनी तिच्याकडे पाठ केली आणि तासभर टायवाल्या सेल्समनशी झुंज दिली. बायको ठरल्याप्रमाणे कंटाळून बसली होती. (यासाठी तिला तालमीची गरज नव्हती, लग्नाला वीस वर्षं झाली होती.) शेवटी सेल्समन आत जाऊन आला आणि म्हणाला, "साहेब, हा अगदी शेवटचा भाव. बोला, करू पक्कं?"

हेडक्लार्कांनी मनात धरलेल्या आकड्यापेक्षाही तो कमी होता. त्यांना आनंदाचं भरतं आलं. नेमका त्याच वेळी त्यांच्या तोंडात शोरूमच्या फुकटच्या कॉफीचा घोट होता. आनंद वर आला, कॉफी खाली गेली, आणि दोघांची मध्येच गाठ पडली.

ते खोकले. असे खोकले की काचा हादरल्या.

बायको उठली, पर्स खांद्याला लावली आणि मागे न बघता ताठ मानेने बाहेर पडली. "थांब" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण बाहेर आला तो आणखी खोकला.

"म्हणजे मॅडमना भाव पसंत नाही," सेल्समन म्हणाला. "राहिलं."

तो शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याकडे वळला. हेडक्लार्कांचा घसा मोकळा होईपर्यंत त्या जोडप्याने निळी गाडी त्याच भावात घेऊनही टाकली.

"दुसरी आहे का?" हेडक्लार्कांनी डोळे पुसत विचारलं.

"या रंगाची एकच होती. समोर त्याच कंपनीचं दुसरं शोरूम आहे, तिथे एखादी असेल."

हेडक्लार्क बाहेर आले. बसस्टॉप रिकामा होता. बायको बसने घरी गेली असणार, असं त्यांनी धरलं. शब्द पाळायचा म्हणजे किती पाळायचा, असं पुटपुटत ते समोरच्या शोरूममध्ये शिरले.

तिथला सेल्समन चांगला गलेलठ्ठ होता. "निळी एकच आहे," तो म्हणाला, "पण वर एक बाई बसल्यात, त्यांचं जवळजवळ ठरलंय. पावती फाडायचीच बाकी आहे."

"किती भाव ठरलाय?"

सेल्समनने सांगितला. तो टायवाल्याच्या शेवटच्या भावापेक्षाही पाच हजारांनी कमी होता. खरेदी विभागात उभी हयात घालवलेला माणूस इथे उभा, आणि कोणी एक बाई वर बसून गाडी फुंकरीने उडवून नेणार.

"मी पाच हजार जास्त देतो," ते म्हणाले.

सेल्समन जिना चढून वर गेला आणि धापा टाकत खाली आला. "बाई म्हणतात, त्याही तेवढे देतील. वर आणखी दोन."

"माझे आणखी पाच."

सेल्समन पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. "बाई चिडल्यात. म्हणाल्या, खालचा माणूस कोण तो चेंगट, बाईमाणूस बघून गाडी पळवायला निघालाय. त्यांचे आणखी पाच."

"फार तोंडाळ दिसते बाई. नवरा गरीब असेल बिचारा," हेडक्लार्क म्हणाले. "दहा सांगा."

असं करत करत गाडी छापील किमतीच्या वर गेली. सेल्समनने कठड्याला धरून पायरीवर बैठक मारली. "साहेब, आता मला वर जाववत नाही. तुम्हीच जा आणि एकमेकांत मिटवा."

हेडक्लार्क बाह्या सरसावून जिना चढले. त्यांनी मॅनेजरच्या केबिनचं दार ढकललं. बाईंची पाठ त्यांच्याकडे होती.

"हे बघा बाई," ते म्हणाले, "दुसऱ्याने बघितलेल्या गाडीवर डोळा ठेवणं शोभत नाही."

बाईंनी मान वळवली.

हेडक्लार्कांनी सरसावलेल्या बाह्या खाली ओढल्या.

"म्हणजे तो चेंगट माणूस तुम्ही," बायको म्हणाली.

"तू बसस्टॉपवर का नाहीस?"

"ऊन होतं. पाणी प्यायला आत आले, तर यांनी बसवलं. तुम्ही तोंड उघडू नको म्हणाला होतात, म्हणून गप्प बसले. हे भाव सांगायचे, आणि मी खिडकीतून समोर बघायचे, तुम्ही बाहेर आलात का ते. मी समोर बघितलं की हे भाव उतरवायचे. भाव तिथल्यापेक्षाही खाली आला तेव्हा हो म्हटलं आणि पावतीकडे वळले, तेवढ्यात तुम्ही आत आला असणार."

मॅनेजरने घाम पुसला. "मला वाटलं, मॅडम समोरच्या शोरूममध्ये जायच्या बेतात आहेत."

"असो," तो सावरून म्हणाला, "आता शेवटची बोली साहेबांची. त्या भावात पावती करतो."

हेडक्लार्क हो म्हणणार होते. (आपण जिंकलो, असं त्यांना अजून वाटत होतं.) पण बायको पर्स घेऊन उठली. "मला गाडी नको."

"चालेल, मग साहेब घेतील."

"कशाने? त्यांचं पाकीट माझ्याकडे आहे."

मॅनेजरने हेडक्लार्कांकडे बघितलं. त्यांनी खिसे चाचपले आणि जमिनीकडे बघितलं. दोन गिऱ्हाइकांचं एक झालं होतं, आणि ते एकही दाराशी पोचलं होतं. "मॅडम, बसा," मॅनेजर घाईने म्हणाला. "बोली सुरू होण्याआधीचा भाव. पायाखालच्या मॅट फुकट."

गाडी घरी आली. सोमवारी कचेरीत हेडक्लार्कांनी गोष्ट सांगितली. तिच्यात बाई नव्हती, जिना नव्हता, खोकलाही नव्हता. होते ते फक्त हेडक्लार्क, आणि त्यांच्यापुढे हात जोडलेला मॅनेजर. सगळे माना डोलावत होते.

दुपारी कॅशियर त्यांच्या टेबलाशी आला. "साहेब, मलाही गाडी घ्यायची आहे. शनिवारी जातोय. मदत हवी होती."

हेडक्लार्क खुर्चीत मागे रेलले. "अवश्य. किती वाजता येऊ?"

"तुम्ही नाही, वहिनी येणार आहेत. फोन केला होता मी त्यांना." कॅशियरने आवाज खाली आणला. "त्यांची एकच अट आहे. शनिवारी खरेदी संपेपर्यंत तुम्ही माझ्या घरी बसायचं, आणि माझ्या बायकोने तुम्हाला बाहेर सोडायचं नाही."