वरचा बाण

बापू धुरी गेला त्या दिवशी ऑफिसातली वीज एकदाही गेली नाही.

देवगडच्या आमच्या आंबा बागायतदारांच्या संस्थेत ही सांगण्यासारखी गोष्ट होती. ऐन हंगामात वीज हटकून जाई, आणि गेली की मी चिडे. विजेवर नव्हे, बापूवर.

संस्थेत तेव्हा नवा कॉम्प्युटर आला होता आणि तो बापू चालवी. काळा पडदा, हिरवी अक्षरं. काय करायचं ते त्याला टाइप करून सांगावं लागे. बापू त्याला 'हुकूम' म्हणे. एक अक्षर चुकलं की सगळा हुकूम पुन्हा. मग बापूच्या मुंबईच्या भाच्याने एक फ्लॉपी आणून दिली. तिच्यातला प्रोग्रॅम चालू केला की वरच्या बाणाची कळ दाबताच आधीचा हुकूम पडद्यावर परत येई, मग त्याच्या आधीचा. शिवाय लांबलचक हुकमाला छोटं नाव देता येई. बापूने 'गप' असं नाव टाइप केलं की पडदा कोरा होई.

तेव्हापासून बापूने बोलण्यातही काटकसर सुरू केली. 'चायसय' म्हणजे चहा सांग आणि साहेबांची सही झाली का बघ. मी "काय?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "एकदा सांगलंय मां? वरचो बाण दाब."

पण वीज गेली की मशीन मागचे हुकूम विसरे. छोटी नावं फ्लॉपीवर राहत, मागचं मात्र सगळं पुसलं जाई. वीज आली की बापू प्रिंटर बंद करी, खुर्ची पुढे ओढी आणि सकाळपासूनचे हुकूम क्रमाने पुन्हा टाइप करत बसे. बाहेर मुंबईचा ट्रक पेट्या भरून उभा, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नाही, आणि आत हा माणूस पुढे टाइप करावं लागू नये म्हणून आत्ता टाइप करतोय!

"अहो बापू, लागेल तेवढाच हुकूम द्या ना. बाकी फ्लॉपीत आहेच की."

"फ्लॉपीत आसा ता पाठांतर, वाचनालया." मी पुस्तकं वाचतो म्हणून त्याने मला ठेवलेलं हे नाव. "आठवण येगळी. मशीन जागा झाला, तेका सकाळचा कायच ठावक नाय. तसाच कामाक लावचा?"

"मशीन आहे ते!"

"गप," बापू म्हणे, आणि मी खरोखरच गप्प बसे.

एकदा तो प्रिंटर बंद करायला विसरला. जुने हुकूम पुन्हा चालले, सकाळच्या सगळ्या पावत्या दुसऱ्यांदा छापून निघाल्या आणि ट्रकबरोबर मुंबईला गेल्या. तिकडचे दलाल एका पेटीला दोन पावत्या बघून चक्रावले. साहेबांनी मला बोलावलं. "उद्यापासून मशीनवर तुम्ही. धुरींना गोदामात पाठवा. जाऊन सांगा त्यांना."

बापू जेवायला घरी गेला होता. मी मनातल्या मनात निरोप घोळवत त्याच्या पडवीत पोचलो. त्याची आई नुकतीच झोपून उठली होती. तिने बापूकडे पाहिलं.

"तू कोण रे?"

मला वाटलं, चेष्टा करते आहे. बापू तिच्याजवळ बसला. "ह्या आपला घर. ती जास्वंद तू लायलंस. आबा गेले. तू बरी आसस. आणि मी बापू, तुझो झील."

"बापू?"

"होय गो आये."

तो तांब्या भरून आणेपर्यंत तिने पुन्हा विचारलं, "तू कोण रे?" बापू पुन्हा बसला. घरापासून, जास्वंदीपासून, त्याच आवाजात, एकही शब्द न गाळता. मला 'चायसय'वर भागवणारा हा माणूस!

"नुसतं 'मी बापू' सांगितलं तर?" मी हळूच विचारलं.

"भियेता ती. मधला काय ठावक नसला काय माणूस भियेता." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू कित्याक इलंस रे?"

"सहज," मी म्हणालो.

परत जाऊन साहेबांना सांगितलं, की वीज गेली की प्रिंटर मी बंद करीन, जबाबदारी माझी. साहेब बराच वेळ कुरकुरले, पण बापू मशीनवर राहिला. माझं चिडणं काही थांबलं नाही. ट्रकचा हॉर्नही नाही.

पुढच्या हंगामात एका सकाळी तो चहा सांगायला म्हणून उठला आणि दारातच बसला. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. संध्याकाळी मी मशीनसमोर बसलो. वरचा बाण दाबला. त्याचे सकाळचे हुकूम एकेक करून आले. शेवटी पहिला आला, त्याच्यापुढे बाण जाईना. मग मी मशीन बंद केलं.

आये आहे. बापूची बहीण नांदगावहून येऊन तिच्याजवळ राहते. दुपारच्या सुट्टीत मी जातो.

"तू कोण रे?" आये विचारते.

"ह्या आपला घर," मी सांगतो. "ती जास्वंद तू लायलंस. आबा गेले. तू बरी आसस. बापू ऑफिसात आसा, मी तेचो दोस्त."

थोड्या वेळाने ती पुन्हा विचारते. मी पहिल्यापासून सांगतो.