काळ्या वर्तुळातली जमीन

अकरा हात लांब कागद, घड्या घातलेला, दोन्ही कडांना बारीक भोकं.

पायरीवर कोंबडी, पाय बांधलेली.

“तीनच्या आत कुणालाच थारा नाही.”

मावळातल्या तुंगार्लीच्या एका बंगल्याला बाहेरून कुलूप. आतून माणूस दार बडवतोय.

१९७४ च्या मे महिन्यातला हा एकच दिवस.

बंगल्याचा राखणदार अंबाजी सकाळी चहा घेऊन आत गेला, तेव्हा तिथे उतरलेले मुंबईचे डॉक्टर गरुड तो कागद फरशीवर पसरून त्यावर रांगत होते. काँप्युटरने छापलेल्या आकड्यांची वर्तुळं होती, आणि मधोमध डॉक्टरांनी शाईने बशीएवढा काळा गोल भरला होता.

अंबाजीने असा नकाशा एकदा पाहिला होता, धरणाच्या वेळी. त्यातही मधली जागा रंगवलेली होती आणि त्या जागेत त्याचं गाव होतं. आता वलवणजवळची दीड एकर खाचरं, एवढंच काय ते उरलेलं.

“सायेब, ह्ये काळं काय हाय?”

“त्यात गेलेलं परत येत नाही.” डॉक्टरांनी मान वर केली नाही.

“जातं काय त्यात?”

“जवळ असेल ते सगळं. आधी भोवती चकरा मारतं, एकमेकांवर घासतं, तापतं. मग आत.”

अंबाजीला मामलेदार कचेरी आठवली.

“आन् हितं तीन ल्हिवलंय?”

“तीनच्या आत कुणालाच थारा नाही.”

“तुमास्नी कसं कळलं?”

“एक्स-रेवरून.”

अंबाजी चहा तिथेच ठेवून निघाला.

घरी बायकोला, रतनबाईला, त्याने सांगितलं, “जमिनीचा एक्स-रे काढलाय त्यांनी.”

“जमिनीचा?”

“मंग? छातीतलं दिसतं, तर मातीतलं न दिसाया काय झालं?”

“आपली खाचरं कितीच्या आत हायती?”

“इचारलं न्हाई.”

“मागल्या बारीलाबी तुमी इचारलं न्हवतं!” म्हणत तिने साहेबांना द्यायला कोंबडी धरली.

वस्तीतले वडीलधारे दत्तोबा आबा पुढे, मागे कोंबडी, तिच्यामागे अंबाजी. बंगल्याच्या पायरीवर कोंबडी ठेवून आबा आत शिरले, हात जोडले. “सायेब, काळं वाईच तिकडं सरकवा. पार डोंगरावर न्हेलं तरी चालंल.”

“ते मला सरकवता येत नाही हो. गणितात जिथं आलं तिथंच राहणार.” डॉक्टर घाईत होते. “दुपारच्या गाडीने कागद मुंबईला न्यायचाय. उद्या मंजुरी मिळाली की पुढचं काम सुरू.”

आबांनी अंबाजीला खूण केली. बाहेर आले, दार ओढलं, कडीला कुलूप घातलं.

“कागद मंबईला ग्येला की संपलं,” ते म्हणाले. “मागं तसंच झालं.”

बारा वाजेपर्यंत अंगणात पस्तीस माणसं जमली. कुणी ओरडत नव्हतं. डॉक्टरांना त्याचीच जास्त भीती वाटली. रानातून तसेच आलेल्या तिघांच्या हातांत कोयते होते. डॉक्टरांनी खिडकीचे गज धरले.

“काय पाहिजे तुम्हाला?”

“काळं कुटं हाय त्ये सांगा.”

“अहो, ते कृष्णविवर आहे, आकाशातलं! तिथून प्रकाश यायलाच पाच कोटी वर्षं लागतात!”

आबांनी हिशेब केला. जमला नाही. “मंजी मावळात न्हाई?”

“नाही!”

“मुळशीत?”

“मुळशीतही नाही!”

“ल्हेऊन द्या.”

डॉक्टरांनी लिहून दिलं: सदर काळे वर्तुळ मावळ तालुक्यात येत नाही. आबांनी कागद उलटसुलट पाहिला.

“शिक्का?”

शिक्का नव्हता. शेवटी डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी असलेल्या माणसाने शाईत बुडवून अंगठा उमटवला. कुलूप निघालं.

अंबाजीने बॅग डोक्यावर घेतली. स्टेशनपर्यंत तो दर वीस पावलांवर “चुकलं आमचं” म्हणत होता. फलाटावर त्याने बॅग खाली ठेवली.

“सायेब, त्ये जे आत पडतं, त्ये आत्ता पडतंय?”

“नाही. पाच कोटी वर्षांपूर्वी. आपल्याला कळतं तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं.”

“व्हय,” अंबाजी म्हणाला. “तसंच असतंय.”

गाडी आली. त्याने बॅग आत दिली.

अंबाजीच्या गावाला धरणाची नोटीस पोचली, तेव्हा पाणी उंबऱ्याला लागून बारा दिवस झाले होते.