बडीशेपेचं ताक

“आज राजकारणावर अवाक्षर काढणार नाही! तीस वर्षं भूमिती शिकवलीय, जीभ आवरता येते मला!” मुफीतबेंनी बायकोला, पेर्रानहानुमला, छातीठोकपणे सांगितलं.

तुर्कस्तानातल्या इझ्मिरच्या या निवृत्त मास्तरांचं एकच तत्त्व: धर्म घरात ठेवावा, सरकारात आणू नये. आणि लेकीनं, योन्जानं, पसंत केला तो तल्हा! त्याचे वडील वेहबीबे म्हणजे कोन्या शहरातल्या एका धार्मिक पक्षाचे पुढारी. ते आज मागणी घालायला येणार होते. मुफीतबेंनी घरातली रकी, म्हणजे बडीशेपेच्या वासाची दारू, पाण्याच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये लपवली. दारू फेकून द्यायला जीव धजेना!

बेल वाजली. वेहबीबेंनी पेर्रानहानुमपुढे हात केला, पण तिनं तर परस्त्रीशी हात न मिळवण्याच्या पाहुण्यांच्या रीतीप्रमाणे आपला हात छातीवर ठेवलेला! ओशाळून त्यांनी हात छातीवर नेला, तोवर हिनं आपला पुढे केला! दारातच कवायत झाली.

सगळे बसले. वेहबीबेंच्या पत्नी हाजेरहानुमना तहान लागली. टेबलावरच्या जगमधलं पाणी कमी दिसलं म्हणून पेर्रानहानुमनं फ्रिजमधली बाटली त्यात ओतली. पाण्यात मिसळताच रकी पांढरी होते; जगमधलं पाणी दुधासारखं पांढरंफटक!

“ताक! घरचं ताक!” मुफीतबे किंचाळले.

वेहबीबेंनी जग हुंगला. “मुफीतबे, तुमची गाय बडीशेप खाते का हो?”

मुफीतबेंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “माझ्याच घरात मला लपवावं लागतंय! हेच तुमचं राज्य!”

“लपवा म्हणालं कोण? मी आठवडाभर दाराच्या मुठीशी हस्तांदोलन शिकतोय, तुम्ही मागासलेले म्हणू नये म्हणून!”

“म्हणतीलच,” हाजेरहानुम शांतपणे म्हणाल्या. “डोक्यावरच्या या रुमालापायी मला विद्यापीठाच्या दारातून परत पाठवलं होतं. पहिली आले होते मी प्रवेशपरीक्षेत.”

तेव्हा मुफीतबेंना ती रुमालबंदी योग्यच वाटली होती.

“ते चुकलंच,” ते पुटपुटले. मग सावरून म्हणाले, “पण म्हणून आता तुम्ही शाळेतला डार्विन काढायचा?”

“आता कसं बोललात!” वेहबीबेंनी खुर्ची पुढे ओढली.

दोन तास झाले. टेबलावर मुठी आपटल्या, बकलावा संपला, तरी कुणी हटेना. शेवटी तल्हा चाचरत म्हणाला, “बाबा, ती मागणी घालायची राहिली...”

“गप रे! मोठी माणसं बोलतायत!” दोघे एकदमच ओरडले.

त्या संध्याकाळी त्यांचं एकमत झालं ते एवढंच!