मल्लप्पा अण्णांची लाईट

आमच्या उमरग्याच्या गल्लीत लाईट गेली की कुणाला शिव्या घालायची सोय नाही. समोरचे मल्लप्पा अण्णा ऐकून घेत नाहीत. भुसार दुकान पुतण्याच्या हवाली केलेला हा माणूस एरवी मुंगीलाही वाट देईल. पण वीज म्हटलं की अंगात येतं. लाईट जाते, अण्णा ओट्यावरून फाटकापर्यंत येरझाऱ्या सुरू करतात आणि फोन कानाला लावतात. त्यांची एकुलती लेक शैला दूर समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रात इंजिनिअर आहे. इथल्या डीपीचा फ्यूज उडाला तरी अण्णा आधी तिची खुशाली विचारतात. मग आम्हाला जाहीर करतात, "तिकडं सगळं ठीक हाय. बिघाड आपल्या उमरग्यातच हाय."

"भविष्य अणूचं हाय" हे त्यांचं पालुपद. पवनचक्कीला जमीन दिलेल्या एका पाहुण्यांशी ते लग्नाच्या पंगतीतच भिडले. वारं पडल्यावर तुमचा पंखा काय करतो, असं विचारलं. पाहुणे म्हणाले, पण अणूचं भ्या वाटतं. अण्णांनी हातातली जिलबी खाली ठेवली. "भ्यावंच. भ्यालेला माणूस काम नीट करतो."

एकदा चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, त्या अणूची राख कुठं टाकणार? अण्णा चहा अर्धा टाकून उठले, ते दुसऱ्या दिवशी शैलाला विचारूनच परतले. काचेत कोंडून ठेवतात म्हणाले. टपरीवाल्यानं विचारलं, आमची म्हातारी लोणचं ठेवती तसं? "व्हय. फक्त चाखायचं न्हाय."

यंदा शैलानंच घरावर सोलर बसवायचं ठरवलं. माणसं सोलरची पॅनेल घेऊन आली तर अण्णांनी शिडीच गायब केली. शैलानं फोनवरून मला गळ घातली, काका, तुम्ही तरी समजवा.

मी तणतणतच गेलो. अणुवीज करणारी पोरगीच म्हणते की पुढं ऊनही लागणार, अणूही लागणार. मग तुमचं काय अडलंय? अण्णा एका जागी बसेनात. चपला सरळ केल्या, पंखा बंद केला, पुन्हा लावला. मी म्हणालो, तारेत कोळशाची, पाण्याची, वाऱ्याची सगळी वीज मिसळते. त्यात शैलाची कुठली, हे देवालाही सांगता यायचं नाही.

"मिसळू दे की. जत्रंत मिसळली म्हणून आपली पोरगी आपली ऱ्हात न्हाय व्हय?"

मग पहिल्यांदाच ते खाली बसले. फिरत्या पंख्याकडं बघत हळूच म्हणाले, "शैला वर्सातनं दोनदा येती. रोज येती ती तारंतनं, एवढीच. वर सोलर बसवलं, तर ही बी यायची न्हाय."

बाहेर येऊन मी शैलाला फोन लावला आणि सांगितलं, सगळं घर शोधलं बाई, शिडी काही सापडत नाही.